टाकी वर येईपर्यंत

शेगडीच्या तोंडाशी ‘पक्’ असा बारीक आवाज झाला आणि पहाटेची घरातली शांतता मोडली. नकोशीचा हात परातीतल्या पिठावर तसाच राहिला. तव्यावरची भाकरी वरून अजून ओली होती. तिनं वाकून तव्याखाली पाहिलं. ज्योत गेली होती.

तिनं आधी काडेपेटी घेतली नाही. आधी मान वळवून कान दिला. छकुली भिंतीकडं तोंड करून झोपली होती. पोरीचा श्वास सरळ येत होता, सरळ जात होता. छातीत शिट्टी वाजत नव्हती. मग नकोशीनं काडी ओढली. शेगडीला केसाएवढी पिवळी जीभ आली, थरथरली आणि गेली. पुढच्या काडीला तेवढंही झालं नाही.

तवा फडक्यानं धरून ती बाहेर आली. लिंबाखाली कपडे उकळायचे तीन दगड होते. चिमूटभर माती हातातून सोडून तिनं वारा पाहिला. वारा रस्त्याकडं जात होता. मग तिनं घराचं दार ओढून घेतलं, दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं आणि दगडांमध्ये पाचट पेटवलं. उसाचं वाळकं पाचट भडकन पेटतं, तेवढ्याच लवकर विझतं आणि विझताना धूर ओकतं. भाकरी एका अंगाला करपली, दुसऱ्या अंगाला कच्ची राहिली.

बिरदेव बैलांना वैरण टाकून आला. बायको अंगणात भाकरी थापताना बघून थांबला.

“काय झालं?”

“शेगडी गेली.”

“गेली म्हंजी?”

“म्हंजी गेली. पेटंना.”

“पायपात पाणी साचलं आसंल.”

त्यानं पाइपाची तोटी काढली, तोंड लावून फुंकलं, गालफडं फुगली. थोडं काळं पाणी आलं, बास. घरामागं जाऊन त्यानं टाकी पाहिली. गोबरगॅसची ती लोखंडी टाकी शेणकाल्याच्या खड्ड्यावर पालथी बसवलेली होती. आत गॅस भरला की ती आपोआप वर यायची आणि सरला की खाली बसायची. आज ती पार बुडाला टेकली होती. नकोशी हात पुसत मागं आली.

“चार दिस झालं, फिरवायला जड लागत हुती,” ती म्हणाली. टाकी रोज एक फेरा फिरवायची, म्हणजे आत शेणावर साय धरत नाही, असं गवंड्यानं सांगितलं होतं. ते काम तिचं होतं. “मला वाटलं, गंजली आसंल.”

“आन् मला सांगितलं न्हाईस.”

“तुमी पाटाच्या पाण्याच्या पाळीला बसला व्हता की रोज.”

पाटाला पाणी आलं नव्हतं. उन्हाळी पाळी येणार येणार म्हणत वैशाख सरत आला होता, आणि मासाळवस्तीवरची माणसं पाटाच्या कडेला बसून कोरड्या तळाकडं बघत होती. ऊस पिवळा पडला होता. बैलांच्या आणि गाईच्या पुढ्यात उसाच्या शेंड्यांच्या, वाढ्यांच्या, कांड्या पडत होत्या. पोटात काही जात नव्हतं म्हणून खाली शेणही पडत नव्हतं.

सासरा, म्हस्कूआबा, वाघरापाशी उभा होता. दोरीच्या जाळ्याच्या त्या कुंपणात त्याची उरलीसुरली मेंढरं रात्री कोंडलेली असत. टाकीकडं त्यानं एकदा पाहिलं, घोंगडी खांद्यावर टाकली आणि रोजच्यापेक्षा लवकर मेंढरं बाहेर काढली. न्याहारीला थांबला नाही.

*

ही टाकी पोरीसाठी बसवली होती. पोरीसाठी वस्तीवर कुणी काही बसवल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. नकोशीच्या तर स्वतःच्या नावातच तिच्या जन्माची कहाणी होती. मुलगा पाहिजे म्हणून वाट बघणाऱ्या घरात तिसरी आलेली, तिला हे नाव चिकटलं ते चिकटलंच. सासरी आल्यावर लग्नाचं दुसरं नाव ठेवलं होतं, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही.

छकुलीला दमा होता. गेल्या थंडीत तिला बारामतीला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी नळी छातीला लावून बराच वेळ ऐकलं होतं.

“घरात चूल कुठं असते?”

“एकच खण हाय. तितंच.”

“मग बाई, ही पोरगी आणि चूल एका घरात राहू शकत नाहीत. काय ते ठरवा.”

ठरवायला घरात सगळी बसली होती. बिरदेवची थोरली बहीण विजयमाला वालचंदनगरहून आली होती. तिचा नवरा कंपनीत होता, क्वार्टर होतं, गॅसचा सिलिंडर होता. मूल नव्हतं. “माझ्याकडं द्या,” ती म्हणाली होती. “शाळा दारात हाय. माझ्या घरात धुराचं नाव न्हाय.” ती चांगल्या मनानंच म्हणाली होती, म्हणून नकोशीला जास्त भीती वाटली होती. आबा तेव्हा म्हणाला, “आदी गोबरगॅस करून बघू. जळला तर पोरगी हितंच. न्हायच जळला, तर शाळंच्या टायमाला घिऊन जा.” तसं ठरलं होतं.

टाकी बसली, आणि शेगडी पेटलीही. सबंध फाल्गुन आणि चैत्र पेटली. छकुली रोज सकाळी परसात जाऊन बघायची आणि पळत येऊन सांगायची, “आये, टाकी पोटुशी झाली.” दुपारपर्यंत टाकी खाली बसली की म्हणायची, “बाळंत झाली.” वस्तीवरच्या बाया हसायच्या. त्या दोन महिन्यांत पोरीला एकदाही धाप लागली नव्हती. गालांवर मांस दिसायला लागलं होतं. नकोशी रात्री तिच्या बरगड्यांवरून हात फिरवायची आणि बरगड्या मोजता येईनात, म्हणून तिला झोप लागायची नाही, इतकं बरं वाटायचं.

*

टाकीवाले आप्पासाहेब जळोचीहून मोपेडवर आले. खेड्यापाड्यातल्या टाक्या त्यांच्याच देखरेखीखाली बसल्या होत्या. आल्या आल्या टोपी काढून टक्कल पुसलं.

“काय वैनी, च्या गॅसवरचा मिळंल का चुलीवरचा?”

“आज चुलीवरचाच घ्या.”

“मग मला बशीभरच द्या. घरी बी आमच्या हिनं धुराचाच पाजलाय.”

ते परसात गेले. दोन्ही हातांनी टाकी फिरवून पाहिली. हलली नाही. बिरदेवनं हात लावला, तरी हलली नाही. मग आप्पासाहेबांनी शेणकाला ओतायच्या कुंडीतून लांब बांबू आत घातला. बांबू थोडा गेला आणि गादीवर टेकावा तसा टेकला. त्यांनी दाबला, पिळला, बाहेर काढला. टोकाला काळपट गठ्ठा चिकटून आला होता. त्यांनी तो बोटांनी फोडला. आत लोकर होती, आणि लोकरीत गुंतलेल्या गोल गोल लेंड्या. मधल्या अजून कोरड्या.

“ही लेंडी कुनी टाकली टाकीत?”

बिरदेवनं नकोशीकडं पाहिलं.

“तू टाकलीस?”

कुंडीत शेण कालवायचं काम तिचंच होतं, म्हणजे संशयही तिच्यावरच यायचा होता. पण म्हस्कूआबा दोन पावलं मागं उभा होता आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. तिनं ते पाहिलं, आणि तिला नाही म्हणवेना.

“म्या टाकली,” आबा म्हणाला.

“आबा, तुमी?”

“शेण कमी पडत हुतं. पोरगी रोज इचारायची, आबा, टाकी का वर येत न्हाय. म्हनलं शेनापरीस लेंडी ताकदीची. सकाळच्या पारी, ही उठायच्या आदी, पाटी पाटी टाकत हुतो.” त्याचा आवाज हळूहळू वर चढला. “तुमी मला शिकवू नका, आप्पासाहेब. मेंढरं वावरात बसवा म्हनून बागायतदार माझ्या वाटंवर येऊन बसायचे. एका रातीला मला पायली पायली धान्य द्यायचे. त्या लेंडीवर दोन सालं पीक निघायचं. गाईच्या शेनाला कोन इचारत हुतं तितं?”

“वावरात ती ताकदीचीच हाय, आबा. मी न्हाय म्हनत न्हाय.” आप्पासाहेबांनी बांबू आडवा ठेवला. “पर पाण्यावर ती तरंगती. वाळकी लेंडी भिजत न्हाय, लोकर धरून एकमेकीला चिकाटती. आत टोपन बसलंय टोपन. खाली गॅस झाला तरी वर येयाला त्याला वाट न्हाय. भिजत घालून, चेचून टाकली आसती तर गोष्ट येगळी.”

“मला कुनी सांगितलं?”

“तुमी कुनाला इचारलं?”

आबानं तोंड फिरवलं. बिरदेव कुंडीच्या कठड्यावर बसला. बापाला तो कधी उलटून बोलायचा नाही, आताही आवाज चढवला नाही. खाली बघत फक्त म्हणाला, “उभ्या जन्मात मेंढरापुढं काय दिसलं न्हाय तुमाला.”

छकुली दारातून बघत होती. ती आबाजवळ गेली आणि त्याच्या धोतराचा सोगा धरून उभी राहिली.

“करायचं काय?” नकोशीनं विचारलं.

“टाकी उचलायची. समदं आतलं काढायचं. नव्यानं भरायचं.”

“मग कवा पेटंल?”

“भरायला शेण किती घावतंय त्यावर हाय,” आप्पासाहेब म्हणाले. “उनाचे दिस हायत म्हनून लवकर धरंल. पाऊस लागला, गारठा आला, की मग काय खरं न्हाय.”

शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते.

*

टाकी उचलायला वस्तीवरची गडीमाणसं आली. ज्यानं त्यानं एकमेकांच्या कामाला जायचं आणि ज्याच्या घरी काम त्यानं जेवायला घालायचं, ही वस्तीची रीत होती. बांबूची तिकाटणी उभी केली, चऱ्हाट टाकीच्या कड्यातून ओवलं. टाकी उचलली तशी एवढी घाण सुटली की लांब बांधलेली गाय फुरफुरली. आप्पासाहेबांनी बजावलं, “आज कुनी आत उतरायचं न्हाय. बिडी कुनी पेटवायची न्हाय. वरनंच काढा.”

सगळे वाकून बघत होते. आत काळी, घट्ट, सपाट साय होती. कोंबडं सोडलं असतं तर त्यावर चाललं असतं.

“आबा, ह्यावर मेंढरं बसवा आता,” एकजण म्हणाला. “खाली खत, वर मेंढरं. बागायतदार तिकडनं बघायला येतील.”

“आबांची टाकी लोकर देती,” दुसरा म्हणाला. “घोंगड्या विणा.”

हसले. म्हस्कूआबाही थोडा हसला, कारण न हसणं आणखी वाईट दिसलं असतं. मग त्यानं धोतर खोचलं, लांब दांड्याचं फावडं घेतलं आणि कडेला पोटावर पडून सायीवर घाव घालायला सुरुवात केली. ऊन पाठीवर आलं तरी तो उठला नाही. निघालेलं एकेक ढेकूळ बिरदेव घमेल्यात घेऊन बाहेर टाकत होता. आबाच्या दाढीला, भुवयांना काळं लागलं होतं.

एवढ्या माणसांना जेवायला घालायचं म्हणजे तीन दगडांवर होण्यासारखं काम नव्हतं. वारा पडला होता. दुपारी तर उलटाच फिरला, बाहेरचा धूर घरात जाऊ लागला. नकोशीनं छकुलीला चुलत सासूच्या घरी नेऊन ठेवलं आणि घरातली जुनी चूल पेटवली. भाकऱ्यांची चळत, पिठलं, मिरचीचा ठेचा. पाचट भडकून लगेच विझत होतं, कापसाच्या पळाट्या नुसत्या धुमसत होत्या. ती फुंकत होती, डोळे पुसत होती, फुंकत होती. माणसं पंगतीला बसली.

“वैनी, ठेच्यात जीव हाय,” कुणी म्हणालं.

ती वाढायला वाकली आणि तिला शिट्टी ऐकू आली. बारीक, लांबून, दाराच्या बाजूनं. छकुली दारात उभी होती. चुलत सासूच्या घरी तिला करमलं नव्हतं. माणसांची गंमत बघायला ती केव्हा आली, केव्हा त्या धुरात बसली, कुणी पाहिलं नव्हतं. तिचे खांदे कानाला लागले होते. दोन्ही हात मांडीवर टेकवून ती पुढं वाकली होती आणि प्रत्येक श्वासाला गळ्याखालची खळगी आत जात होती, जशी कुणी आतून बोटानं ओढावी.

नकोशीनं पिठल्याची वाटी तिथंच टाकली. ती पोरीला उचलून लिंबाखाली पळाली. पाठ खोडाला लावून बसली आणि पोरीला आपल्या छातीशी उठून बसल्यासारखी धरली. आडवी केली की तिचा जीव घाबरायचा.

“हळू. हळू घे. तोंडानं न्हाय, नाकानं.”

पोरगी बोलू शकत नव्हती. ओठांभोवती निळसर झालं होतं. तिच्या काळजाचा ठोका पाठीतून नकोशीला आपल्या छातीत लागत होता, दोघींचे वेगवेगळे, एक धावणारा आणि एक त्याच्यामागं पळणारा. पंगत उठून उभी राहिली होती. हातातले घास हातात घेऊन माणसं बघत होती.

आप्पासाहेबांनी मोपेड काढली. पुढं ते, मागं नकोशी, मध्ये पोरगी. खड्ड्यांच्या रस्त्यानं बारामती येईपर्यंत नकोशी तिच्या कानाशी तोंड लावून काही ना काही बोलत राहिली. काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. श्वास सरळ व्हायला संध्याकाळ झाली.

“मी काय सांगितलं होतं?” ते म्हणाले. त्यांच्या नाकाला नकोशीच्या लुगड्याचा धुराचा वास आला असावा. “असा आणखी एक झटका आला तर माझ्याकडं आणायला वेळ मिळणार नाही, बाई.”

टाकीचं सांगावं असं वाटलं तिला. कुठून सुरू करायचं कळलं नाही.

*

खड्डा साफ झाला. आता शेण पाहिजे होतं, गाडीभर शेण. पूर्वी कुणाच्याही गोठ्याबाहेर पडलेलं असायचं, पाटी घेऊन जायचं आणि आणायचं. आता बागायतदारांच्या घरीही टाक्या आल्या होत्या, कुणी गांडूळखत करत होतं. शेणाला भाव आला होता तसा मानही.

काटेवाडीला मंदाकिनीबाईंचा गोठा होता. जर्सी गाई, पत्र्याखाली ओळीनं. त्यांचे मालक शिक्षणखात्यात होते आणि शेती बाई बघत. नकोशी पाटी घेऊन फाटकात उभी राहिली.

“शेण? आमच्याच टाकीला पुरत नाही गं,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. मग तिच्याकडं नीट पाहून म्हणाल्या, “तू म्हस्कू मासाळाची सून ना? मेंढ्यांची लेंडी घातलीत म्हणे टाकीत.”

बातमी इथवर पोचली होती.

“व्हय.”

“सकाळचं धारांनंतरचं ने. पण सगळा गोठा धुऊन दे. आमचा गडी लग्नाला गेलाय.”

ती रोज पहाटे जाऊ लागली. वाकून, खराट्यानं गोठा ओढायचा, हातानं शेण पाटीत भरायचं, बादलीनं फरशी धुवायची. गाभण गाईच्या मागं जपून जावं लागायचं. एकदा शेपटीचा फटका डोळ्यावर बसला. पाटी डोक्यावर घेऊन ती वस्तीवर यायची, तेव्हा कडेनं झिरपत शेणपाणी कपाळावरून भुवईत उतरायचं. तिथं पुसायला हात मोकळा नसायचा.

गोठ्याशेजारी मंदाकिनीबाईंची मोठी शेगडी होती. त्यावर वासरांसाठी आंबवण शिजत असायचं. ज्योत निळी, गोल, फुलासारखी भरलेली. नकोशी खराटा थांबवून बघायची. जवळ कुणीच नसायचं. अशी ज्योत जळायची, आणि वर नुसतं वासरांचं शिजायचं.

एक दिवस मंदाकिनीबाईंनी तिला चहा दिला. कपात दिला, अंगणात बसवून.

“पोरगी कशी आहे?”

“बरी हाय.”

“चांगल्या जागी देताय तिला, असं ऐकलं. वालचंदनगरला शाळा चांगली आहे.”

नकोशीनं चहा संपवला. “आजून ठरलं न्हाय,” ती म्हणाली. कप विसळून पालथा ठेवला आणि पाटी उचलली. उचलताना कुणी हात लावायला नव्हतं. ती गुडघ्यावर घेऊन, मग खांद्यावर, मग डोक्यावर घेतली.

घरी आबा कुंडीशी बसलेला असायचा. आता तो लेंडी डबक्यात भिजत घालायचा आणि सकाळभर दगडानं चेचायचा. एकेक लेंडी. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी थांबवलंही नव्हतं. त्याच्या बोटांची नखं हिरवी झाली होती.

“मेंढरं इकतो,” एकदा तो बिरदेवला म्हणाला. “म्हस घे. म्हशीचं शेण लई.”

“म्हशीला प्यायला पाणी कुठनं आणू, आबा?”

आबा पुन्हा चेचायला लागला.

*

टाकी परत बसवली. ती बुडाला टेकून राहिली. पहिला आठवडा तर कुणी तिच्याकडं बघायचंही टाळलं. फक्त छकुली बघायची. तिला परसातच बाज टाकून दिली होती, चुलीपासून सगळ्यात लांब. ती बाजेवरून उतरायची, टाकीच्या कडेला कान लावायची.

“आये, आत कुनीतरी गुळणा करतंय.”

नकोशी धावत गेली. कान लावला. आत खोल कुठंतरी बुडबुड होत होती. तिनं बिरदेवला हाक मारली, त्यानं आबाला. चौघं कान लावून उभी राहिली. उन्हानं तापलेलं लोखंड गालाला चटका देत होतं, तरी कुणी बाजूला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी टाकी बोटभर वर आली. मग दोन बोटं. नकोशीनं खडूनं रेघ ओढली. सकाळी रेघेखाली काळं दिसलं की ती पुन्हा नवी रेघ ओढायची. तिनं शेगडी चिंचेनं घासली, भोकं सुईनं मोकळी केली. तवा उलटा करून ठेवला.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी विजयमाला आली. येताना तिनं छकुलीला झालरीचा फ्रॉक आणला होता, पायताणं आणली होती. पोरीला मांडीवर घेऊन तिनं तिच्या डोक्याचा वास घेतला. नकोशीला ते दिसलं.

“वन्सं, बसा. टाकी वर आलीय,” ती म्हणाली. “आज पेटवायची हाय.”

“मग पेटव की. मी काय आडवी हाय का?” विजयमाला हसली. “पेटली तर मी फ्रॉक दिऊन आपली मोकळी जाईन. मला बी काय दुसऱ्याच्या लेकराचं काळीज तोडायची हौस न्हाय, नकू.”

आप्पासाहेबही बोलावल्यासारखे आले होते. सगळी शेगडीभोवती जमली. आबा उंबऱ्यावर बसला. बिरदेवनं तोटी फिरवली. ‘स्स्स’ असा आवाज आला, भरघोस. विजयमालेनं पोरीला छातीशी धरलं. नकोशीनं काडी ओढली आणि शेगडीजवळ नेली.

काडी विझली.

“वारा आसंल,” ती म्हणाली. पदराचा आडोसा केला. दुसरी काडी ओढली, हाताच्या ओंजळीत धरून नेली. हवा येत होती, तिच्या बोटांना ती गार लागत होती, पण काडी जवळ गेली की त्या हवेनंच विझायची. तिसरी. चौथी. काडेपेटीत काड्या राहिल्या तोवर ती ओढत राहिली.

“कच्चा वायू हाय,” आप्पासाहेब शेवटी म्हणाले. “पयल्यांदा असाच येतो. जळत न्हाय. सोडून द्यायचा, मग पुन्ना भरतो. रोज शेण पडत राहिलं तर... श्रावणापातूर...”

“रोज शेण,” बिरदेव म्हणाला आणि बाहेर बैलांकडं पाहिलं. बैल वाळक्या वाढ्यांवर मान टाकून उभे होते.

तोटी उघडीच ठेवली. ‘स्स्स’ आवाज हळूहळू बारीक होत गेला. परसात टाकी रेघ रेघ करत खाली बसत होती. स्वयंपाक राहिला होता. नणंद घरी आलेली. तिला उपाशी कसं ठेवायचं? नकोशीनं तीन दगडांवर तवा ठेवला. विजयमाला छकुलीला घेऊन रस्त्यापलीकडं बांधावर जाऊन बसली, वाऱ्याच्या उलट्या बाजूला.

*

सकाळी एसटीच्या थांब्यावर त्या तिघी होत्या. बिरदेव पिशवी ठेवून परत फिरला होता. गोठा धुवायचा खाडा झाला म्हणून मंदाकिनीबाईंकडं तो जाणार होता. पाटी त्याच्याच डोक्यावर होती, रिकामी. आबा मेंढरं घेऊन माळावर गेला होता. तिथून थांबा दिसत होता. त्यानं मेंढरं हलवली नव्हती, एका जागी उभी होती.

विजयमाला रस्त्याकडं बघत लांब उभी राहिली, जणू गाडीची तिलाच घाई आहे.

छकुलीनं झालरीचा फ्रॉक घातला होता. तेल लावून घट्ट वेण्या घातल्या होत्या, कपाळ ताणलेलं दिसत होतं. नकोशी तिच्यासमोर उकिडवी बसली होती. पायताणाचा पट्टा सैल होता. तो तिनं एक भोक आवळला, मग सोडला, मग पुन्हा आवळला.

“आत्याला त्रास द्यायचा न्हाय. पाणी गार प्यायचं न्हाय. रात्री उशी उंच घ्यायची.”

“व्हय.”

“औषधाची बाटली आत्याच्या पिशवीत हाय.”

“व्हय. आये, तितं मला धाप लागणार न्हाय?”

“न्हाय लागणार.”

“मग मी चांगली हुईन?”

“हुशील. पळशील. दोरीवरनं उड्या मारशील.”

“मग तू मला न्यायला येशील?”

“येणार की. चांगली झालीस की लगीच येईन.”

लांबून गाडीचा धुरळा दिसला. विजयमालेनं पिशवी उचलली. छकुलीनं आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि कपाळाला आठी घालून विचार केला, आबा टाकीपाशी उभा राहून करायचा तसा. मग तिनं हळू आवाजात, आत्याला ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं,

“पर आये, मी चांगली झाल्यावर मला परत हितं धुरात कशापायी आणायचं?”